हवालदाराची फीत, भाच्याच्या बाहीवर

मी एक जुनी फीत आहे. हवालदाराच्या बाहीवर शिवतात ती, तीन पट्ट्यांची. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूंनी गोडगोड बोलावं अशी तुमची अपेक्षा असेल, पण आज माझं डोकं फिरलेलं आहे.

चांदूर रेल्वे गावच्या गोवर्धन हवालदारांच्या बाहीवर मी अकरा वर्षं होते. लांबची कूच संपली की ते आधी जवानांचे पाय तपासत, कुणाला फोड आला, कुणाला बूट चावला ते बघत, आणि मगच स्वतःचे बूट काढत. एकदा एका जवानाच्या हातून वायरलेसची बॅटरी हरवली. साहेबांनी विचारताच हवालदार पुढे झाले, "साहब, गलती मेरी है." त्यांची दिवाळीची सुट्टी गेली. बाहीवर एक पट्टी असो की खांद्यावर तारे, हुद्दा जितका मोठा तितक्या जास्त माणसांसाठी जाब द्यायचा असतो, हे मला तेव्हा कळलं.

निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी एक चूक केली. सैन्यभरतीत तीनदा नापास झालेल्या त्यांच्या भाच्यानं, कुंदननं, अमरावतीत भरतीची अकादमी काढली. मामांनी कौतुकानं मला पेटीतून काढून त्याच्या हाती दिलं. हुद्दा म्हणजे काय लग्नातला आहेर आहे, भाच्याला द्यायला?

कुंदननं मला बाहीवर शिवून घेतलं आणि त्याला गुर्मी चढली. मे महिन्यात, सकाळी साडेदहाला, त्यानं मुलींना आणखी पाच फेऱ्या लावल्या. स्वतः कडुनिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसला. मुलींच्या तुकडीची प्रमुख रागिणी म्हणाली, "सर, ऊन लय हाय. आचलले चक्कर येऊन राहिली."

"इथं हुकूम कोनाचा चालते?" कुंदन म्हणाला.

तिसऱ्या फेरीत आचल कोसळली. रागिणीनंच तिला उचलून ऑटोत घातलं आणि गोवर्धन मामांना फोन केला.

दवाखान्यात आचलची आई शकुनबाई धावत आली, तर हा पठ्ठ्या तिला सांगतो, "रागिणीनं उन्हात पयवलं तिले. मी आजच तिचं नाव काढून टाकलं." रागिणीची मैदानी चाचणी बारा दिवसांवर होती. खोटं बोलणाऱ्याच्या बाहीवर मी चिकटलेली. अशी चीड आली की धागे तोडून खाली पडावंसं वाटलं.

तेवढ्यात मामा आले. "हुकूम कोनं देल्ला?"

कुंदन खाली पाहू लागला. "मामा, अकादमीचं नाव खराब होईन ना."

मामांनी नर्सबाईंकडून कात्री मागून घेतली आणि सगळ्यांसमोर एकेक टाका कापून मला सोडवलं. मग शकुनबाईंपुढे सावधान उभे राहिले.

"बाई, ही फीत मी देल्ली होती. चूक माही हाय. मले बोला."

शकुनबाईंनी भीड ठेवली नाही. अर्धा तास त्या बोलल्या, मामांनी ऐकून घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, "बोलून काय होते? आता त्या रागिणीची तयारी तुमी करून घ्या. माह्या पोरीले तिनंच उचललं."

आचलला तीन दिवसांनी घरी सोडलं. मामा आता पहाटे साडेपाचला मैदानावर असतात, गुडघा दुखतो तरी. रागिणीनं मला त्यांच्या बाहीवर शिवू का म्हणून विचारलं, ते नको म्हणाले.

मित्रांनो, मलाही घाई नाही. कुणाच्या बाहीवर मला टाचण्याआधी एवढंच विचारा, याच्या हुकमानं कुणी पडलं तर हा पुढे येईल की दुसऱ्याकडे बोट दाखवील? बोट दाखवणारा असेल, तर मला खुशाल चुलीत घाला.