धाकट्या कोटाचे दगड

आर्थरचे पत्र आषाढात आले आणि कोजागिरी आली तरी मी त्याला उत्तर दिले नव्हते.

आर्थर माझा जुना विद्यार्थी. त्याचे वडील कल्याण स्टेशनावर नोकरीला होते, तेव्हा तो आमच्या शाळेत मराठी शिकला. आता ठाण्याला कचेरीत कारकून आहे. नुकतेच लग्न झाले होते. त्याने लिहिले होते, "मास्तर, क्लाराला खाडीकाठचे किल्ले पाहायचे आहेत. तिची आजी घोडबंदरची, त्यामुळे लहानपणापासून ती गोष्टी ऐकत आली आहे. नाताळच्या सुटीत होडी करून घोडबंदरापासून कल्याणच्या दुर्गाडीपर्यंत यावे असा विचार आहे. कोठे उतरायचे, काय पाहायचे, कोणी बांधले, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक नाही. तुम्ही आखून द्याल तसे जाऊ. तुम्हीही चला."

'तुमच्याइतके कोणाला ठाऊक नाही' या शब्दांनी माझा हात अडला. मी लिहायला बसलो. 'घोडबंदरचा किल्ला फिरंग्यांनी बांधला, असे म्हणतात. ठाण्याच्या किल्ल्यात हल्ली तुरुंग आहे, असे म्हणतात.' तुरुंग तर मी येता-जाता डोळ्यांनी पाहिलेला. तिथेही 'म्हणतात' कशाला? कागद फाडला. दुसरा घेतला, तोही फाडला. जन्मभर किल्ल्यांबद्दल वाचले, पण किल्ल्यावर उभा असा फार थोडा राहिलो. लोकांत गेलो की माझा आवाज घशातच राहतो, म्हणून वाचनाची गोडी. आणि वाचनावर बोलायची वेळ आली की वाटते, वाचले ते तरी खरे का?

सगळे अडले ते धाकट्या कोटापाशी. डोंबिवलीच्या खाली, मुंब्र्याकडे वळताना, वेलेखार नावाच्या आगऱ्यांच्या पाड्याजवळ त्या लहानशा जुन्या किल्ल्याचा एक बुरूज आणि थोडी भिंत उरली होती. कोणी तो फिरंग्यांचा म्हणे, कोणी वसईच्या मोहिमेनंतरचा मराठ्यांचा, कोणी त्याहून जुना मुसलमानी. पत्रात काय लिहावे? शेवटी ठरवले, स्वतः जावे, भिंतीची जाडी मोजावी, दगडांची घडण पाहावी आणि मगच आर्थरला लिहावे.

कल्याण बंदरावरच्या गुणाजी कोळ्याची होडी केली. गुणाजीचा आवाज असा की तो बंदरावर बोलला तर पारनाक्यावर ऐकू यावे.

"मास्तर," तो वल्हे मारता मारता म्हणाला, "पत्राचं उत्तर द्यायला लोक तिकीट लावतात. होडी लावनारा मानूस मी पहिला पाह्यला."

"खात्री करून लिहावे म्हटले."

"आनि तिथं जाऊन बी खात्री नाय झाली तर?"

तीच भीती मला होती.

ओहोटीबरोबर आम्ही सकाळीच पोचलो. खाडीच्या काठाने मातीचा लांब बांध होता. बांधाच्या आत खाजणातले भात पिवळे पडू लागले होते, बाहेर खारे पाणी. कोट बांधाला लागूनच होता. मधे एके ठिकाणी बांधाला आडवी भेग गेली होती आणि तिथे कोटाचेच दगड रचून ठेवले होते. मी ते पाहिले आणि पुढे गेलो. मला बुरूज पाहायचा होता.

मी सुतळीला हात-हात अंतरावर गाठी मारून आणल्या होत्या. भिंत मोजू लागलो. दगडांचे थर मोजताना दोनदा चुकलो. शाळा सोडून बरीच वर्षे झाली तरी अंगातल्या कोटाच्या खिशात खडूचा तुकडा असतोच. तो काढला आणि मोजलेल्या प्रत्येक दगडावर एक पांढरी रेघ ओढीत गेलो. वर बुरुजातल्या कमानीच्या मधोमध एक कोरीव दगड होता. त्यावर फूल होते की क्रूस, ते शेवाळामुळे कळत नव्हते. तेवढे कळले असते तर बुरूज कोणाचा हा प्रश्न सुटला असता. मी टाचा उंचावून ते शेवाळ खरवडत होतो, तेवढ्यात मागे एक बाई किंचाळली.

"दौलत! अरे दौलत! खुना करतोय! मेला दगडांवर खुना करतोय!"

ती हौसाबाई. डोक्यावरची पाटी टाकून ती धावत सुटली. मी खडू हातात धरून तसाच उभा. काय चुकले ते कळेना. बघता बघता दहापंधरा माणसे आली. कोणाच्या हातात कोयता, कोणाच्या हातात वल्हे. पुढे होता तो तिचा मुलगा, दौलत. त्याने माझ्या हातातली सुतळी हिसकली आणि उलट्या हाताने माझ्या तोंडात मारली. मी भिंतीवर आपटलो. जवळचे पाहायचा चष्मा गेला.

"कोनाचा मानूस तू?"

मी म्हणालो, "मी... पत्र..."

"कुनाचं पत्र? ठेकेदाराचं?"

गुणाजी होडीतून उडी टाकून ओरडत आला. "अरे थांबा रे! मास्तर हाय त्यो! त्याला धड हाक मारता येत नाय, तो काय चोरनार?" एकाने वल्हे फिरवले. ते गुणाजीच्या तोंडावर आडवे बसले. तो गुडघ्यांवर आला आणि ओंजळीत रक्त थुंकला. त्या रक्तात दात होते.

माझ्याच सुतळीने त्यांनी माझे हात पुढे बांधले आणि मला बुरुजाला टेकवून बसवले. मग दौलत माझ्यासमोर उकिडवा बसला आणि बोलला. तो ओरडत नव्हता, म्हणून मला त्याची अधिक भीती वाटली.

"मांगं बी असाच एक आलता. दोरी घिऊन. मोजलं, चुन्याच्या खुना केल्या, गेला. दुसऱ्या दिशी खाडीतनं पडाव आला. पुलाच्या कामाला दगूड पायजे म्हनत. चुन्याची खून लागली तो दगूड इकला, असं म्हनत. निम्मा कोट नेला. माझा भाऊ गुनवंत आडवा झाला, त्याच्या छातीवर दगूड लोटला. तिथंच मेला. तू ज्या जागी बसलायस ना, तिथंच."

मी पाय आखडून घेतले.

"त्यो बांद बघ. आज उधान. दुपारच्याला भरती चढल. बांद फुटला का खारं पानी आत, आनि यंदाचं भात मेलंच, पुढली तीन वरसं बी काय पिकायचं नाय. या चिखलात दगूड दुसरा कुठं नाय. ह्यो कोट हाय म्हनून आमी हाव."

"मी फक्त मोजत होतो," मी म्हणालो. "कोणी बांधला ते पाहायला."

"कोनी बांदला?" हौसाबाई म्हणाली. "मेल्या, ज्यानं बांदला तो येनार हाय का बांद राखायला?"

त्यावर कोणीतरी हसले. तेवढ्यात खाडीवरून शंख फुंकल्यासारखा आवाज आला, आणि सगळ्यांची तोंडे तिकडे वळली. ठाण्याच्या बाजूने, चढत्या पाण्याबरोबर, एक मोठा पडाव, मालाची रुंद होडी, येत होता. आत माणसे उभी होती. त्यांच्या हातांत पहारी होत्या.

पडाव बुरुजाखाली लागला. पुढे उतरला तो ठेकेदाराचा मुकादम. अंगाने आडवा, डोक्याला लाल पटका. त्याने भिंतीकडे पाहिले आणि तो खूश झाला.

"वा! खुणा आधीच झाल्या! चला रे, माल आपला. चढवा." मग त्याला मी दिसलो. माझा काळा कोट, पगडी, धोतर पाहून त्याने हात जोडले. "कचेरीतले ना आपण? या रानट्यांनी बांधून घातलं? सोडा रे त्यांना. साहेब, सांगा यांना. खुणा तुमच्याच ना?"

दौलतने माझ्याकडे पाहिले. पाड्यातले सगळेच माझ्याकडे पाहत होते. मी हो म्हटले असते तर दगड गेले असते. नाही म्हटले असते तर ते खोटे ठरले असते. मी काहीतरी पुटपुटलो.

"मोठ्यानं, साहेब!"

"खुणा माझ्या आहेत," मी म्हणालो, आणि दौलतचा कोयता वर आला. मग माझ्याच कानांना अनोळखी वाटेल अशा आवाजात मी ओरडलो, "पण त्या खडूच्या आहेत! शाळेच्या खडूच्या! हे दगड कोणी विकलेले नाहीत! मी मास्तर आहे, मी कोणाच्याही कचेरीतला नाही!"

बांधलेल्या हातांनीच मी उपरण्याचे टोक धरले आणि भिंतीवरची रेघ पुसली. पुसली गेली. चुना तसा जात नाही, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होते.

मुकादमाने मला कानाखाली मारली. ती ऐकू आली, पण दुखली नंतर. मग त्याने माणसांना नुसता हात केला.

पुढचे मी नीट सांगू शकत नाही. चष्मा नव्हता आणि सगळे फार जवळ होते. पहार हाडावर बसते तेव्हा ओले लाकूड मोडल्यासारखा आवाज होतो, तो मी ऐकला. मालन, दौलतची बायको, एका हमालाच्या मनगटाला दातांनी लटकली होती आणि तो तिचे डोके भिंतीवर आपटत होता. कोणाची तरी दोन बोटे माझ्या पायाशी पडली. ती अजून हलत होती, की मलाच तसे वाटले. दौलतने एकाचा खांदा कोयत्याने उघडला. दौलत वळला, आणि मुकादमाची पहार त्याच्या डोक्यावर आली. तो पडला नाही, बसला. मग आडवा झाला. त्याच्या कानातून रक्त येत होते आणि तो भाताकडे पाहत होता.

मारामारी थांबवली ती गुणाजीने. त्याने कोणावर हात उचलला नाही. तोंडातून रक्त गळत असताना तो चिखलातून सरपटत पडावापर्यंत गेला आणि त्याने पडावाचा दोर कापला. उधाणाची भरती होती. रिकामा पडाव आडवा झाला, फिरला आणि कल्याणच्या दिशेने वाहू लागला.

"पडाव चालला!" कोणीतरी ओरडले. हमालांनी पहारी टाकल्या आणि पाण्यात उड्या घेतल्या. पडाव गेला असता तर ठेकेदाराने त्यांची कातडी सोलली असती. मुकादम एकटा उरला. तो पळू लागला, तेव्हा पाड्यातल्या बायकांनी त्याला गाठले. वल्ह्यांचे आवाज मी ऐकले. शेवटी तो कसाबसा पाण्यात घुसला, तेव्हा त्याचा एक हात नुसता लोंबत होता.

आणि त्याच वेळी बांध फुटला.

मोठा आवाज झाला नाही. भेगेतून आधी तपकिरी पाणी पाझरले, मग ढेकूळ सुटले, मग पाणी आत घुसले आणि पहिल्या वाफ्यातले भात लोळले. मालन दौलतचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. हौसाबाई त्या दोघांजवळ उभी राहिली, खाली वाकली, मुलाच्या नाकाशी हात धरला आणि सरळ झाली.

"रडायला मांगनं बसू," ती म्हणाली. "दगूड द्या."

रचलेले दगड पाहता पाहता संपले. मग सगळे बुरुजावर चढले, त्याच पहारी घेऊन. कोणीतरी माझी सुतळी कापली. मी रांगेत उभा राहिलो. दगड वरून हातोहात येत होते. माझ्या खडूच्या रेघा अजून त्यांच्यावर होत्या. माझ्या डावीकडे गुणाजी होता, उजवीकडे मालन. तिच्या कपाळावरचे रक्त डोळ्यांत उतरत होते आणि ती ते पुसतही नव्हती. कमान पडली. मधला कोरीव दगड माझ्या हातात आला. पडताना शेवाळ निघाले होते. चष्म्यावाचून मला बोटांनी चाचपावे लागले असते, आणि क्षणभर माझी बोटे थांबली.

"द्या की, मास्तर," मालन म्हणाली.

मी दिला. तो पालथा भेगेत गेला. त्यावर दुसरा आला, त्यावर चिखल, पेंढा, पुन्हा दगड. पाणी बांधाच्या कडेपर्यंत आले, थबकले आणि उतरू लागले. एक वाफा गेला. बाकीचे भात उभे होते. बुरूज नव्हता.

मग हौसाबाई मुलाजवळ बसली आणि तिने जो हंबरडा फोडला तो मी आजही ऐकतो.

पुढे फौजदार आला, पंचनामा झाला, जबान्या झाल्या. माझी घेताना कारकून दोनदा म्हणाला, "मोठ्याने बोला." मी बोललो. मुकादमाला शिक्षा झाली. ठेकेदाराचे काय झाले ते मला कळले नाही. गुणाजीचे पुढचे चार दात गेले. तो म्हणतो, "आता मी बी तुमच्यावानी हलू बोलतो, मास्तर. बाजारात फसवतात मला." त्याला मी दिवाळीला धोतर नेऊन दिले, तर त्याने त्यावरूनही चिडवले.

आणि काल मी आर्थरला उत्तर लिहिले. एकाच कागदावर, न फाडता.

'चि. आर्थर यास, अनेक आशीर्वाद. सहल अशी करावी. घोडबंदराहून भरतीबरोबर निघावे. तेथला किल्ला कोणी बांधला ते क्लाराच्या आजीला विचारावे. तिने सांगितले असेल तेच माझ्याकडे आहे. ठाण्याचा किल्ला बाहेरून पाहावा, आत तुरुंग आहे. पुढे वेलेखारला उतरावे, पण उतरण्याआधी होडीतून मोठ्याने हाक मारून नाव सांगावे, आणि बरोबर दोरी किंवा खडू काही आणू नये. तेथे तुला किल्ला दिसणार नाही, बांध दिसेल. तो धाकट्या कोटाच्या दगडांचा आहे. कोट कोणी बांधला ते मला ठाऊक नाही. बांध कोणी बांधला ते ठाऊक आहे. दौलत नावाचा मनुष्य तेथे मारला गेला. त्याच्या आईला हौसाबाई म्हणतात. क्लाराने तिच्याशी बोलावे. मी कल्याणहून गुणाजीच्या होडीने तेथे येईन आणि दुर्गाडीपर्यंत तुमच्याबरोबर राहीन. उत्तरास उशीर झाला.'

वाचून पाहिले. एक-दोन ठिकाणी 'असे म्हणतात' घालावेसे वाटले. घातले नाही. घडी करून पाकीट चिकटवले, तिकीट लावले, बाजारातून चालत टपालकचेरीपर्यंत गेलो आणि ते पेटीत टाकले.