टेबलाखालचे हात

"हात टेबलाखाली," मार्याना बाई म्हणाल्या.

ताउनोने हात टेबलाखाली घेतले आणि त्यासरशी त्याचं वाक्य अडलं. चाचणीसाठी ओतलेली बिडाची पाचर मोडल्यावर आत काय दिसतं, एवढंच इंग्रजीत सांगायचं होतं. बोटं वर असताना ते सगळं त्याला लख्ख दिसत होतं. बोटं खाली गेली आणि समोर उरला फक्त कॉफीचा कप.

"त्याच्या हातांना येतं हो इंग्रजी, बाई," क्रेनवाली सिर्का म्हणाली. "तोंडालाच तेवढं येत नाही."

सगळे हसले. ताउनोही हसला, जरा उशिराने.

सकाळची पाळी सुटली की फौंड्रीच्या कँटीनमध्येच हा वर्ग भरायचा. नोव्हेंबर चालू होता. खिडक्यांबाहेर तीन वाजताच काळोख दाटायचा आणि काचांवर ओला बर्फ थापला जायचा. फौंड्री परदेशी मालकांनी विकत घेतली होती. भट्टीवर आणि क्रेनवर काम करणाऱ्याला धातूंबद्दल इंग्रजीत नीट बोलता आलं पाहिजे, ही त्यांची अट होती. परीक्षा तोंडी, आणि एकदाच. बोललेलं सगळं ध्वनिमुद्रित होऊन तिकडे जाणार, तिकडचीच माणसं ते ऐकून निकाल देणार. उत्तीर्ण होईल तो राहील. बाकीच्यांनी नाताळनंतर घरी बसायचं.

ताउनो रेकोला अठ्ठावन्न वर्षांचा होता. घरी बसणं म्हणजे काय ते त्याने वडिलांच्या बाबतीत पाहिलं होतं. लाकडाची गिरणी बंद पडल्यावर ते रोज पहाटे उठायचे, कामाचे बूट चढवायचे आणि तळ्याकडच्या खिडकीत बसायचे. बूट संध्याकाळी काढायचे. ताउनोला नोकरी हवी होती ती पगारापेक्षा त्या बुटांच्या भीतीने.

मार्याना बाई शाळेतून कधीच निवृत्त झाल्या होत्या. कँटीनमधल्या निम्म्या लोकांना त्यांनीच शिकवलं होतं, ताउनो तर त्यांच्या पहिल्याच वर्गातला, मागच्या बाकावरचा. धातूंमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्या टेबलावर तुकडे मांडायच्या: बीड, पोलाद, तांबं, जस्त, ॲल्युमिनियम. प्रत्येकाने एक उचलायचा आणि बोलायचं. जड आहे की हलका, वाकतो की मोडतो, गंजतो का, तापवल्यावर काय होतं. लोक त्यांना धातू शिकवत होते, त्या लोकांना शब्द. सिर्का चुका करत करत धडाधड बोलायची. ताउनोला शब्द पाठ होते, पण ते एकेकटे यायचे, ओळख नसलेले पाहुणे यावेत तसे.

एके दिवशी बाईंनी हात टेकले. "बरं, इंग्रजी राहू दे. आपल्याच भाषेत सांग. भट्टीतला रस ओतण्याजोगा झालाय हे तुला कसं कळतं?"

ताउनोने तोंड उघडलं, आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्या भाषेतही त्याच्यापाशी ते शब्द नाहीत.

कधी लागलेच नव्हते. ओतकामाच्या शेडमध्ये पंखे आणि भट्ट्या अशा घोंगावायच्या की कान झाकल्याशिवाय उभं राहता यायचं नाही. सोळाव्या वर्षी तो तिथे आला तेव्हा आर्वी नावाच्या म्हाताऱ्या ओताऱ्याने त्याला शिकवलं ते एक अक्षर न बोलता. रसाचा घोट छोट्या पाचरीच्या साच्यात ओतायचा, थिजला की पाण्यात बुडवायचा, हातोड्याने मोडायचा. मोडलेली कड उजेडाकडे धरायची. टोकाशी पांढरं थोडं आणि बाकी करडं असेल तर रस चांगला. पांढरं फार आत गेलं असेल तर बीड ठिसूळ होणार, मूठभर सिलिकॉन टाकायचं. आर्वी कड दाखवायचा, बोटांनी माप दाखवायचा, चुकलं तर डोक्यावरच्या हेल्मेटवर टपली मारायचा. वर क्रेनच्या केबिनमध्ये सिर्का आली तीही असंच शिकली. ताउनोचा तळवा खाली, म्हणजे थांब. अंगठा वर, म्हणजे उचल. इतक्या वर्षांत कामावर असताना त्या दोघांनी एकमेकांचा आवाज क्वचितच ऐकला असेल, पण त्याचं डोकं दुखतंय हे तिला वरून कळायचं.

"नाही सांगता येत," तो बाईंना म्हणाला.

घरी मात्र इंग्रजीत थोडंफार सांगता यायचं. त्याची बायको आन्नेली रोज स्वयंपाक करता करता एखादं भांडं त्याच्यापुढे धरायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, तो बरोबर बोलतोय की चूक हेही कळत नव्हतं. तो अडखळला की ती भांडं नुसतं हलवायची. बिडाच्या तव्याला तिने खास शेवटचा मान ठेवला होता. "हा तुझा सोयरा," ती म्हणायची. "याच्याबद्दल तरी चार शब्द बोल."

परीक्षेच्या सकाळी सिर्काने त्याला कपडे बदलायच्या खोलीबाहेर गाठलं. "हातांवर बस," ती म्हणाली. "खरंच सांगते. मांडीखाली घाल दोन्ही. मी एकटी राहिले तर वरून बघू कोणाकडे?"

तो हातांवर बसला. परीक्षक राजधानीतून आलेला, मऊ आवाजाचा माणूस होता. मध्ये ध्वनिमुद्रणाचं छोटं यंत्र होतं. कोपऱ्यात मार्याना बाई, पण बोलायची परवानगी नाही. पहिला तुकडा तांब्याचा. ताउनोने सांगितलं. मग जस्त. तेही सांगितलं. वाक्यं आखूड होती, पण उभी राहिली. बाईंचे खांदे जरा सैल झाले.

परीक्षकाला बहुधा त्याची दया आली. याला अजून बोलतं करावं असं त्याला वाटलं असणार. तो पुढे झुकून म्हणाला, तू आता भट्टीपाशीच आहेस असं समज. हवं तर डोळे मिट. पाचर मोडलीस. काय दिसलं, काय केलंस, क्रेनला काय सांगितलंस, सावकाश सांग.

ताउनोने डोळे मिटले. मग तो खुर्चीवरून उठला. दोन्ही हातांनी त्याने पाचर मोडली, कड उजेडाकडे तिरकी केली. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये टोकाचं पांढरं धरून दाखवलं. जरा जास्त होतं ते. मीठ टाकावं तशी मूठ सोडली, एकदा, पुन्हा एकदा. तळवा खाली करून वाट पाहिली. दुसरी पाचर मोडली, आणि त्याचा चेहरा निवळला. त्याने छताकडे मान वळवली, जिथे सिर्का असती तिथे, आणि अंगठा वर केला.

मग बसला.

"झालं?" परीक्षकाने विचारलं.

ताउनोने श्वास आत ओढला. त्या भागात होकार असाच देतात, श्वास आत घेऊन. समोरच्याला तो दिसतो, ऐकू येतोच असं नाही.

बाहेर सिर्का उभी होती. त्याने तिला सांगितलं की झालं, शेवटचा प्रश्न तर भट्टीचाच होता, सगळं सांगितलं. बऱ्याच दिवसांनी तो इतका बोलला होता.

"हातांवर बसला होतास ना?"

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं.

निकाल पंधरवड्याने आला. सिर्का उत्तीर्ण होती. ताउनोच्या नावापुढे लिहिलं होतं की मुख्य प्रश्नाला उत्तर दिलं नाही. मार्याना बाई व्यवस्थापकाकडे गेल्या, तासभर बसल्या. त्या प्रश्नापुढे यंत्रात फक्त कापडाची सळसळ आहे, तो म्हणाला, आणि ती ऐकणाऱ्यांना मी काय समजावू? तो वाईट माणूस नव्हता. त्याने त्यांना कॉफी दिली.

फाटकापाशी त्यांना ताउनो भेटला.

"तू सगळं बरोबर सांगितलंस," त्या म्हणाल्या. "एकही चूक नव्हती. मी पाहिलं."

"हं," ताउनो म्हणाला. "रस्ता निसरडा आहे. जपून जा."

नाताळच्या आदल्या आठवड्यात त्याची शेवटची पाळी होती. भट्टीवर आता मिकाएल येणार होता, तिशीतला, परीक्षेत पहिला आलेला. मुलगा नम्र होता. त्याच्या कानांवर नवे हेडफोन होते आणि ओठांपुढे बोंडाएवढा माइक. तसेच वर सिर्काच्या कानांवर. ताउनोने पाचर मोडली, कड मिकाएलला दाखवली. मिकाएलने नीट निरखली, मान हलवली. रस चांगला होता.

ताउनो वर वळला. त्याचा हात छातीपर्यंत आला असेल नसेल, तेवढ्यात मिकाएल माइकमध्ये काहीतरी बोलला आणि रसाने भरलेली ती भलीमोठी बादली जमिनीवरून उचलली गेली. अलगद, एक थेंब न सांडता. सिर्काचं काम नेहमीच असं असायचं. ती समोर बघत होती, साच्यांकडे, जिथे बघायला हवं तिथेच.

ताउनोचा हात अजून अर्ध्यावरच होता. त्याने तो तसाच पुढे नेला आणि हेल्मेट सारखं केलं.

घरी आल्यावर त्याने बूट दाराशी काढले. आन्नेलीने सूप वाढलं. तिने चुलीवरचा बिडाचा तवा उचलला आणि सवयीने त्याच्यापुढे धरला. धरल्यावर तिचं तिलाच कसंसं झालं आणि ती तो परत ठेवायला वळली.

"थांब," ताउनो म्हणाला.

आणि तो बोलू लागला, इंग्रजीत, सलग. हे बीड आहे. हे कठीण आहे, पण ठिसूळ आहे. वाकत नाही, मोडतं. मोडल्यावर आतून करडं दिसतं. उष्णता हळूहळू घेतं आणि विस्तव विझल्यावरही बराच वेळ धरून ठेवतं. एकही शब्द अडला नाही. आन्नेलीला त्यातलं काही कळलं नाही. तवा जड होता, तरी त्याचं बोलणं संपेपर्यंत तिने तो धरून ठेवला.

त्याचे दोन्ही हात टेबलाखाली होते.