वळणावरच्या काठ्या

माझा नवरा ताइस्तो शनिवारी सौनातून, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघरातून, येताना पायरीवर घसरला आणि मनगट मोडून बसला. तेव्हापासून रस्त्यावरचा बर्फ काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. चाळीस वर्षं या माणसाने मला त्याच्या छोट्या ट्रॅक्टरजवळ फिरकू दिलं नव्हतं. आता प्लास्टरमधला हात छातीशी धरून तो स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा राहतो आणि फोनवरून मला अक्कल शिकवतो.

बुधवारी सकाळी नऊला मी ट्रॅक्टर बाहेर काढला. साडेदहाला टॅक्सी यायची होती, ओइवाला डायलिसिसला नेणारी, व्हीलचेअर चढेल अशी मोठी गाडी. ओइवा आमचा एकुलता एक शेजारी, रस्त्याच्या अगदी टोकाला एकटा राहतो. सोमवारी ती गाडी आमच्या वळणावर दोन्हीकडच्या बर्फाच्या भिंतींत अडकता अडकता राहिली आणि आल्या पावली परत गेली. ओइवाची एक खेप चुकली. दुसरी चुकली तर काही खरं नाही, असं नर्सने फोन करून बजावलं. फोन मला केला, कारण ओइवा उचलतच नव्हता.

वळण एवढं अरुंद का झालं, ते फक्त मला माहीत होतं.

दर ऑक्टोबरात ताइस्तो रस्त्याच्या दोन्ही कडांना उंच काठ्या ठोकतो. एकदा बर्फ पडला की रस्ता कुठे संपतो ते त्या काठ्यांवरूनच कळतं. वळणावर रस्ता आणि खोल चर यांच्या मधल्या पट्टीत माझी काळ्या बेरीची सात झुडपं आहेत. दर हिवाळ्यात हा बाबा त्यांच्यावर बर्फ लोटतो आणि दर वसंतात मी मोडक्या फांद्या कापत त्याच्या नावाने खडे फोडते. या वर्षी तो गावात गेलेला असताना मी वळणावरच्या पाच काठ्या उपटल्या आणि दोन हात आत, रस्त्यात ठोकल्या. त्याच रात्री पहिला बर्फ पडला.

मग त्याने सगळा हिवाळा काठ्या बघून ट्रॅक्टरचं बर्फ लोटायचं पातं चालवलं. बर्फाच्या कडा सुरुवातीलाच लांब ढकलाव्या लागतात, फेब्रुवारीपर्यंत त्यांचा दगड होतो. आमच्या वळणावर तो दगड झाला, तोही दोन हात आत. "यंदा रस्ता आक्रसलाय, की माझे डोळे गेले?" असं ताइस्तो जानेवारीत म्हणाला होता. मी त्याला नवा चष्मा कर म्हणाले. तेव्हा हसू आलं होतं, आता लाज वाटते.

"पातं पार खाली टेकवू नकोस, खडी खरवडशील," फोनमधून आवाज आला. "बोटभर बर्फ राहू दे."

"तू कॉफी पी."

मधला ताजा बर्फ दोन फेऱ्यांत निघाला. मग मी पातं तिरकं केलं आणि कडेच्या भिंतीला भिडले. ट्रॅक्टरच आडवा सरकला, मागच्या चाकांच्या साखळ्या जागच्या जागी फिरल्या. भिंतीचा टवकासुद्धा उडाला नाही.

"खालून नको धडकूस! पातं उचल. वरचा थर आधी पाड, मग खालचा. एका वेळी थोडंच घे."

हे मात्र त्याने बरोबर सांगितलं. वरची ढेकळं सुटायला लागली. मागे, पुढे, मागे, पुढे. दहा वाजायला आले तेव्हा काठ्यांपर्यंतचं सगळं निघालं होतं. उतरून पावलांनी मोजलं. गाडी जाण्यासारखं नव्हतं. मी परत चढले आणि पातं काठीच्या पलीकडे घातलं. काठी मोडली.

"हिल्का! थांब! पलीकडे चर आहे! उलटशील, बाई!"

"नाही उलटत."

"मी ठोकलीय ती काठी! मला माहीत आहे!"

"तू ठोकलेली नाही ती," मी म्हणाले. घड्याळ काही थांबणार नव्हतं. "मी ठोकली. पाचही. दोन हात आत घेतल्या, झुडपांसाठी. इथे खाली रस्ताच आहे, ताइस्तो."

मी पुढचा थर पाडायला पातं उचललं.

"आणि मी चारशे युरोचा चष्मा केला," तो म्हणाला.

"हो."

"तुझ्याशी नंतर बघतो. आता दोनच हात कशाला? झुडपांवर घाल सगळं. दे ढकलून!"

मी दिलं ढकलून. माझ्या सातही झुडपांवर छातीएवढा बर्फ लोटला, फांद्या कडाकडा मोडल्या आणि मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

साडेदहाला पाच मिनिटं कमी असताना टॅक्सी आली. वळणावर तिचा वेग मंदावला, आरसे आत घेतले गेले आणि ती सरळ निघून गेली. मी ट्रॅक्टर बाजूला घेऊन थांबले होते. परत येताना गाडी माझ्याजवळ थांबली. मागची काच खाली झाली. आत ओइवा, टोपी कानांपर्यंत ओढलेली, चेहरा सुजलेला.

"चांगला रुंद केलास," तो म्हणाला.

"आधीच करायला हवा होता. चूक माझीच होती, ओइवा. तुझी सोमवारची खेप माझ्यामुळे गेली."

त्याने हात झटकला. "सोमवारी गाडी परत गेली ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, सुटलो. नको आता ते सुया टोचून घेणं. आजही मी कोट घातला नव्हता."

मी ट्रॅक्टरचं इंजिन बंद केलं.

"मग तुझा ट्रॅक्टर ऐकू यायला लागला. तास-दीड तास. पुढे, मागे, पुढे, मागे. धड चालवता येत नाही ते आवाजावरूनच कळत होतं." तो जरासा हसला. "म्हटलं, ही बाई एवढी झटतेय, तर निदान कोट तरी घालावा."

"शुक्रवारीही रस्ता मोकळा असेल," मी म्हणाले. "आणि सोमवारी. रोज."

ओइवाने माझ्याकडे पाहिलं, मग समोर रस्त्याकडे.

"मग कोट आता दाराजवळच ठेवतो," तो म्हणाला आणि काच वर केली.