सुई टोचताना आई कुठे असावी

बाळाला कावीळ झाली होती, म्हणून रोज सकाळी त्याच्या टाचेला सुई टोचून रक्त तपासायला न्यायचे. पहिल्या दिवशी सिस्टर ट्रे घेऊन आल्या आणि बाळाची आई तडक उठून बाहेर गेली. एरवी बसचालक म्हणून खचाखच भरलेली बस गर्दीतून लीलया काढणारी ही बाई, पण व्हरांड्यात कानांवर हात दाबून उभी राहिली. बाळाचा टाहो तरीही ऐकू यायचा तो आलाच.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी तिला दारातच अडवलं. "आज बाहेर नको जाऊस. त्याला पदराखाली घे. नीट प्यायला लागला की मी टोचते. दुखणं कमी जाणवतं."

खाटेशेजारी बाळाच्या आजी बसल्या होत्या. "अहो, एवढ्याशा जिवाला काय कळतंय? रडला की छाती मोकळी होते. आम्ही काय कमी रडलो?"

"रडला असाल, आजी. पण आवडलं होतं का?"

आजींना हसू आलं. आई मात्र हसली नाही.

"मी धरायचं आणि तुम्ही टोचायचं?" ती म्हणाली. "त्याला वाटेल, आईनेच दगा दिला. उद्या जवळ घेतलं की घाबरेल."

हे बऱ्याच आयांच्या मनात येत असणार, पण सिस्टरांना असं तोंडावर कुणी विचारलं नव्हतं.

"त्याला काय वाटतं ते मला कसं कळणार?" त्या म्हणाल्या. "पण आईजवळ असली की बाळं कमी रडतात, लवकर निवतात, आणि पुढे दूधही नाकारत नाहीत, एवढं मी पाहिलंय. तुझं मन घेत नसेल तर राहू दे. मी त्याला दुपट्यात गुंडाळून धरते, जिभेवर साखरपाण्याचे थेंब देते. त्यानेही फरक पडतो."

"साखरपाणी घरीही द्यायचं का?" आजींनी विचारलं.

"नाही आजी. ते फक्त इथे, टोचण्यापुरतं."

आई थोडा वेळ बाळाकडे बघत राहिली. मग खाटेवर टेकून बसली आणि त्याला छातीशी घेतलं. सिस्टर घाई न करता उभ्या राहिल्या. घोट गिळल्याचा आवाज येऊ लागला तेव्हा त्यांनी टाच हातात घेतली.

सुई लागली. बाळाने तोंड सोडलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि एकदाच किंचाळलं. आईने डोळे मिटले नाहीत. "आहे रे, इथेच आहे," ती पुटपुटली. त्याने पुन्हा तोंड लावलं. रक्त काढून होईपर्यंत तो पीतच होता. रडत होती ती आई.

"दुखलं त्याला," ती म्हणाली.

"दुखलंच," सिस्टर म्हणाल्या. "पण एकट्याने नाही सोसलं."

तिसऱ्या दिवशी सिस्टर आल्या, तर आई आधीच बाळाला घेऊन बसलेली. त्यांनी टाचेला हात लावताच ती शांतपणे म्हणाली, "थांबा जरा. अजून नीट प्यायला लागला नाही. मी सांगते तेव्हा टोचा."

सिस्टरांनी ट्रे बाजूला ठेवला आणि स्टूल ओढून बसल्या.