पंचफुला कुणाच्या पद्धतीनं सावरली

लातूरच्या शिकवण्यांच्या गल्लीत, एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, अर्शिया आणि संगमेश्वर यांनी समुपदेशनासाठी दोन खोल्या घेतल्या होत्या. दोघं नांदेडला मानसशास्त्र एकत्र शिकलेले आणि तेव्हापासून भांडत आलेले. अर्शियाचं म्हणणं, माणूस चुकीच्या विचारानं खचतो. तो विचार पकडावा, त्याला पुरावा मागावा आणि ज्याची भीती वाटते तेच थोडं थोडं करायला लावावं. संगमेश्वरला हे वरवरचं वाटे. दुखणं लहानपणात रुतलेलं असतं, माणसाला बोलत बोलत मागं जाऊ द्यावं, असं तो म्हणे. चहा एकत्र प्यायचे, पण एकमेकांची पद्धत काही मान्य करायचे नाहीत.

त्यांच्याकडे मुलं पाठवायचे ते त्याच गल्लीत क्लास चालवणारे धोंडप्पा. त्र्याण्णवच्या भूकंपानंतरच्या वीसेक वर्षांत लातूर शिकवण्यांचं गाव होऊन गेलं, त्यात धोंडप्पांचा क्लासही वाढला. एक दिवस ते म्हणाले, "दोघांतलं कोणतं औषध लागू पडतं ते एकदा ठरवा, मॅडम. तेच सगळ्या पोरांना लावू."

मग ठरलं. वर्षभर येतील ती मुलं चिठ्ठ्या टाकून दोघांत वाटायची, आणि कोण किती सावरलं याची तपासणी नांदेडच्या त्यांच्या जुन्या शिक्षिका मलिका मॅडम करणार. आपण जिंकणार याबद्दल अर्शियाच्या मनात शंकाच नव्हती.

चिठ्ठीनं तिच्या वाट्याला पंचफुला आली. औसा तालुक्यातल्या एका पुनर्वसन गावची पोरगी. मेडिकलच्या तयारीला आलेली. वर्गात हुशार, पण सराव परीक्षेचा पेपर समोर आला की बोटं बधिर व्हायची, वाचलेलं सगळं पुसून जायचं. अर्शियानं नेहमीसारखी सुरुवात केली. 'मी नापासच होणार' म्हणतेस, त्याला पुरावा काय? पंचफुला शहाण्यासारखी उत्तरं द्यायची, सांगितलेला सराव करायची आणि पुढच्या परीक्षेत पुन्हा कोरा पेपर ठेवून यायची.

एका दुपारी वीज गेली. पंखा थांबला, खिडकी उघडण्यात थोडा वेळ गेला. परत बसताना अर्शियानं सहज विचारलं, "तुझं नाव जुन्या वळणाचं आहे गं. आजीचं का?"

"न्हाई. बहिणीचं." पंचफुलानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "भूकंपात गेली ती. मी मागून झाले. मामाकडं तिचा एक फोटो राहिला होता, तो मोठा करून घरात लावलाय. हार घातलेला. खाली नाव लिहिलंय. मला अक्षरं जुळवता यायला लागली, तवा पहिल्यांदा तेच वाचलं. पंचफुला."

अर्शियाजवळ पुराव्याचा प्रश्न तयार होता. तो तिनं बाजूला ठेवला. ती म्हणाली, "कशी होती ती?"

"लई हुशार होती म्हणतात. डॉक्टर झाली असती. मी पेपर लिहायला बसले की वाटतं, हा तिचा पेपर हाय. मी चुकले तर तिचं नाव जाईल."

"आणखी काय सांगतात?"

"काही न्हाई. आई रडती, म्हणून कुणी विचारतच न्हाई."

त्या दिवशी दुसरं काही झालं नाही. निघताना अर्शियानं तिला एवढंच काम दिलं, की दसऱ्याला घरी गेलीस की आईला विचार.

"आन् रडली तर?"

"रडू दे. तू जवळ बस."

दसऱ्यानंतर पंचफुला आली ती दारातूनच बोलत. "मॅडम, ती शाळेत जायचीच न्हाई. आई ओढत न्यायची, तर कडब्याच्या गंजीमागं लपायची. पाढे येत नव्हते तिला. आई रडली हो, पण मग आम्ही दोघी किती तरी वेळ हसत राहिलो. म्हणली, डॉक्टरचं मीच मागून ठरवलं, बाई."

बोटं एकदम सुटली नाहीत. एका परीक्षेत अर्धा पेपर झाला, पुढच्यात त्याहून थोडा जास्त. वर्ष संपत आलं तेव्हा ती पेपरला बसायला घाबरत होती, पण बसत होती आणि लिहीत होती.

तिची परवानगी घेऊन अर्शियानं हे संगमेश्वरला सांगितलं. तो हसला. "म्हणजे पद्धत माझीच लागली. तू तिच्या भूतकाळात शिरलीस."

"मी तिला पुरावा गोळा करायला पाठवलं," अर्शिया म्हणाली. "आणि घाबरत होती तेच करायला लावलं."

दोघंही खरं बोलत होते, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं.

उन्हाळ्यात दोघं नांदेडला गेले. मलिका मॅडमनी आकडे पुढ्यात सरकवले. दोन्ही बाजू जवळपास सारख्या. दोघांकडेही बरीच मुलं सावरली होती, आणि न सावरलेलीही दोघांकडे होती.

"हे पुष्कळदा असंच येतं," मॅडम म्हणाल्या. "पोराला कुणीतरी मन लावून ऐकणारं भेटलं, आपल्याला हे का होतंय ते पटेल असं कळलं, करायला काही मिळालं, की बहुतेक काम होतं. ते दोन्ही खोल्यांत मिळत होतं."

"मग पद्धती शिकलो कशाला?" अर्शिया जरा तडकूनच म्हणाली.

उत्तर संगमेश्वरनं दिलं. "मी सुरुवातीला एकदा नुसताच प्रेमानं ऐकत बसलो होतो. पोरगा शेवटी म्हणाला, ते सगळं ठीक हाय सर, पण मी करू काय?"

निकाल ऐकून धोंडप्पा हिरमुसले. "म्हणजे दोघांचं खोटं, का दोघांचं खरं?"

"दोघांचं खरं," अर्शिया म्हणाली, "पण आम्ही धरून बसलो होतो त्या कारणानं नाही."

पंचफुलाचा मेडिकलला नंबर लागला नाही. तिनं नांदेडला बीएस्सीला प्रवेश घेतला. निरोप घ्यायला आली तेव्हा अर्शियानं विचारलं, खरं सांग, कशानं बरं वाटलं?

"तुमी सारखं पुरावा पुरावा करायच्या, तवा राग यायचा," ती म्हणाली. "पण वाटायचं, ह्या काही मला सोडत न्हाईत. म्हणून तर त्या दिवशी बोलले."

अर्शियानं आपली पद्धत सोडली नाही. तिला तीच येत होती, आणि त्या पद्धतीवर तिचा विश्वासही होता. पण नव्या मुलाला दोन-तीन भेटींनंतर ती विचारू लागली, माझ्याशी बोलताना तुला मोकळं वाटतं का? नबील नावाच्या मुलानं मान खाली घालून नाही म्हटलं, तेव्हा तिला वाईट वाटलं. तरी ती उठली आणि त्याला घेऊन शेजारच्या, संगमेश्वरच्या खोलीच्या दाराशी गेली.