कासवाचा सोमवार

नेकनूरला ष्टँडाजवळ शिवशरण अप्पांचं किराणा दुकान, अन् दुकानाला चिकटूनच नवाकोरा एसटीडी. काचेची खोली, लाल आकडे पळणारं मशीन, आख्खं गाव तवा फोन लावायला तिथंच. अन् त्या काचेच्या खोलीच्या भाईर, गल्ल्याशेजारी, पाण्याचं एक घमेलं. त्या घमेल्यात कासव! केवढं? बंद्या रुपयाएवढं हो, खोटं कावून सांगू?

ते शिवांजलीचं. अप्पांची पोरगी, नववीला. तिच्या श्रीशैलमामानं यूसुफ वडगावहून दुधाच्या किटलीत घालून आणलेलं. धरणाच्या काठाला घावलं, मनला.

अप्पांनी कासव बघितलं अन् हातच जोडले. बायकोला मनले, "जगदेवी, महादेवाच्या देवळात नंदीच्या म्होरं कोण असतंय? कासव! हे आपलंच माणूस हाय. ह्याला आपल्या घरचंच जेवण."

झालं! लिंगायताचं घर, अंड्याचं टरफलबी उंबऱ्याच्या आत न्हाई. सकाळी दूधभात, दुपारी दुधात कुस्करलेलं बिस्कुट, सांजच्याला वरणाची निवळ. अन् सोमवारी अप्पांचा उपवास, मग कासवाचाबी उपवास! साबुदाण्याचे चार दाणे, बस. लोकं फोन लावायला यायचे अन् कासवाचा सोमवार बघून जायचे. शिवांजली तर वर्गभर सांगत फिरायची, "माझं कासव सोमवार धरतंय!"

महिना गेला. घमेल्याला आंबूस वास यायला लागला. कासव टकुरं भाईर काढीना, डोळे सुजून चिकटले, दूधभात तसाच तरंगायला लागला. एक दिवस शिवांजलीनं त्याला उचललं अन् पाठीवर अंगठा टेकला, तर पाठ दबली! अर्ध्या वाळलेल्या पापडावानी! हे मरायलंय, तिला कळून चुकलं. पण ती काय रडत बसणारी न्हाई. शाळेचा डबा रिकामा केला, त्यात कासव घातलं, अन् तडक बाजारात छबुबाई भोईणीकडं.

आता मासळीच्या रांगेला त्यांच्या घरचं माणूस कधी फिरकलंच न्हवतं. तिकडून जायची पाळी आली तर आई नाकाला पदर लावून पळायची. शिवांजली मात्र पाटीपुढं जाऊन उकिडवी बसली.

"मावशी, माझं कासव खाईना."

छबुबाईनं डब्यात डोकावलं. "काय घालतीस गं ह्याला?"

"दूधभात. अन् सोमवारी साबुदाणा."

छबुबाई अशी हसली, अशी हसली की शेजारची मिरचीवाली उठून बघायला आली. "अगं माय माझे! दूध? ह्याच्या मायनं तरी पाजलं असतं का? अन् सोमवार कावून? तुमच्या स्वामीनं ह्याच्या गळ्यात लिंग बांधलं का काय?"

शिवांजलीला आधी राग आला. मंग तिच्या डोक्यात ते शब्द घुसले ते घुसलेच.

छबुबाईनं कासव तळहातावर घेतलं, अन् आता ती हसंना. "ऐक. बारकं मासं, काट्यासगट. काट्यानं पाठ कडक होती. गांडूळ. पाण्यातलं शेवाळ. सगळं पाण्यातच घालायचं, कोरडं त्याला गिळता येत न्हाई. ह्याच्या टकुऱ्याएवढंच द्यायचं, उरलं की काढून टाकायचं. अन् ऊन दाव गं त्याला, दुकानात कोंडून काय ठिवलंस!" पळसाच्या पानात तिनं चिमटीभर बारके मासे बांधून दिले.

शिवांजली दुकानात आली ती छाती काढूनच. "अप्पा, आपलं चुकलं."

"काय चुकलं? अन् हे पानात काय?"

"मासे."

अप्पांच्या हातातली साखरेची पुडी हातातच राहिली. "लिंग बांधलेल्या घरात मासे? डोकं फिरलं का तुझं? ने माघारी!"

"अप्पा, लिंग तुमाला हाय. आईला हाय, मला हाय. ह्याला कवा बांधलं?"

"काय?"

"मी बारा दिसाची असताना लिंग बांधायला स्वामी आलते, तुमीच सांगता. ह्याच्यासाठी कवा आलते? दीक्षा झालेलीच न्हाई, अन् सोमवार धरायला लावलाव तुमी!"

काचेच्या खोलीत गावातला बिभीषण सासऱ्याशी फोनवर होता. मशीनवरचे आकडे पळायलेत, अन् गडी दार उघडून इकडं कान देऊन उभा. "अप्पा, पोरगी बरोबर बोलायली!"

"तू तुझ्या सासऱ्याशी बोल बे!" अप्पा खेकसले.

शिवांजलीनं कासव अप्पांच्या हातावर ठिवलं. "दाबून बघा."

अप्पांनी अंगठा टेकला. लगेच काढला. मंग मनले, "घरात न्हाई. परसात. अन् माझ्या म्होरं न्हाई."

घमेलं परसात गेलं, निम्मं उन्हात, निम्मं सावलीत. पाणी नवं. पण कासव मासा खाईना! एक दिस, दोन दिस. तिसऱ्या दिशी शिवांजलीनं खुरप्यानं ओली माती उकरून बारकं गांडूळ काढलं अन् त्याच्या तोंडाम्होरं सोडलं. गांडूळ वळवळलं. कासवाचा एक डोळा किलकिला झाला. मान भाईर... अजून भाईर... अन् गपकन!

अप्पा कवा येऊन उभे ऱ्हायले कुणास ठाऊक. तोंड भिंतीकडं, सदऱ्यावरून गळ्यातल्या लिंगावर हात. "खाल्लं का?"

"अर्धं."

"अन् अर्धं?"

"थांबा की... गेलं! अप्पा, गेलं!"

अप्पांनी भिंतीकडंच बघत डोळे मिटले.

दोन महिन्यांनी एका सकाळी शिवांजली खुरपं घ्यायला गेली, तर खुरपं जागेवर न्हाई. परसात बघती तर हौदाजवळची माती उकरलेली, अन् अप्पा उघड्या अंगानं उकिडवे, नारळाच्या करवंटीत काहीतरी जपून धरलेलं. कासवाची पाठ आता अंगठ्याखाली दबत न्हवती, हे त्यांनी तिच्या आधीच बघून घेतलं होतं.

"हौदाखाली चांगली जाड हायेत," ते हळूच मनले. "ह्याचं खाऊन होऊ दे, मंग मी आंघोळीला अन् पूजेला जातो. आईला सांगू नको."