धार ऐकव

"आज्जी, आवाज वाढवू का?" समोरच्या सरबतवाल्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता टीव्हीचा आवाज वाढवला.

बयाबाईनं मान वर केली नाही. गुडघ्यांत पितळेची चरवी धरून ती काजळी म्हशीच्या पोटाशी उकिडवी बसली होती. कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी यायच्या, गिऱ्हाइकासमोर धार काढली जायची आणि माणसं तिथंच उभ्या उभ्या फेसाळ पेला रिचवून जायची. पन्नासहून जास्त वर्षं तिची जागा हीच. आज मात्र सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे होती. लढाईचा नववा दिवस, आणि देशाचा नेता बोलणार होता.

नऊ दिवस तिच्या चंचीतला फोनही मुका होता. नातू यशराज सीमेवर. त्याचा फोन यायचा तो नेमका धारेच्या वेळी. "आज्जी, बोलू नको. नुसती धार ऐकव." मग ती फोन चरवीशी धरायची. रिकाम्या बुडावर पहिली धार खणकायची, दूध चढेल तसा आवाज जाड व्हायचा. तो जाड झाला की पोरगं म्हणायचं, "बास, ठेव आता."

नेता बोलू लागला. लढाई आपण मागितली नव्हती, पण आता माघार नाही. जे चाललंय ते न्यायाचंच आहे. शेवटी आवाज घोगरा करून तो म्हणाला, देशातल्या प्रत्येक आईचा आशीर्वाद माझ्या पाठीशी आहे.

"मला कुणी इचारलं?" बयाबाई म्हशीला म्हणाली.

पण ते कुणाला ऐकू जाणार? कट्टा टाळ्यांनी दणाणला होता.

"जाळ आन् धूर संगटच काढायचा आता!" तालमीचा अमरसिंह ओरडला.

"बोलला झकास," कापडवाले वृषभशेठ हळूच म्हणाले, "पर किती दिवस चालंल, ते काय सांगितलं न्हाय."

"शेठ, तुमी आपलं दूध प्यावा की!"

लोक हसले. तेवढ्यात कुणीतरी फटाक्यांची माळ लावली, तीही म्हशींच्या रांगेजवळ. काजळी दावं ताणून थरथरली. बयाबाईनं आचळाला हात लावला, तर कोरडं. म्हशीनं पान्हा चोरला होता.

अमरसिंह पेढ्यांचं खोकं घेऊन आला. "आज्जी, जवानाची आज्जी तुमी. पयला पेढा तुमच्या हातनं वाटायचा."

"नको बाबा."

"असं कसं? मान हाय तुमचा."

तिच्या मुलानं, ज्ञानूनं, पेले विसळता विसळता दटावलं, "आई, घे की. लोक बघायल्यात."

बयाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. "ज्ञानू, तू चार म्हैन्यांचा होतास. असंच भाषण झालतं, तालमीतल्या रेडिओवर. असंच लोक नाचलं. मला म्हणलं, बये, तुझा मालक लढायला गेलाय, साखर तू वाट. मी परडी घेऊन दारोदार फिरले. नवी साडी नेसून."

अमरसिंहाचा हात खोक्यावरच राहिला.

"आठ दिसांनी तार आली. तारंत मालक गेल्याची तारीख होती. मी साखर वाटली त्याच्या आदल्या दिसाची." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तवा मला म्हाईत नव्हतं. आता कसं म्हाईत न्हाय म्हणू?"

अमरसिंहानं खोकं मिटलं. "यशा येतोय बघा आज्जी," तो पुटपुटला, पण तिच्याकडे बघून नाही.

माणसं पांगली. रिकामा पेला कट्ट्यावर ठेवून वृषभशेठही गेले. ज्ञानू म्हणाला, "आई, चल घरला. आज न्हाय द्यायची ती."

"तू हो फुडं."

तो गेला नाही. जरा लांब, पाठ करून बसला. त्याचे खांदे हलत होते. बयाबाईनं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. काजळीच्या मानेखालून हात फिरवत ती कितीतरी वेळ पुटपुटत राहिली, "न्हाय गं बाई, न्हाय. गेली समदी." रेडकू पुन्हा ढुशा द्यायला सोडलं, बाजूला घेतलं. आचळ हळूहळू ओलावलं.

तिनं चंचीतून फोन काढला आणि ज्ञानूनं शिकवलं होतं तसं बटण दाबून कानाला लावला. पलीकडून तीच बाई, तेच शब्द. नंबर सध्या बंद आहे.

बयाबाईनं फोन कानावरून काढला, पण बंद केला नाही. विटेला टेकवून चरवीजवळ उभा केला आणि खाली बसली.

पहिली धार बुडावर खणकली. मग दुसरी. दूध चढत गेलं, आवाज जाड झाला, चरवी काठोकाठ भरली आणि फेस फरशीवर उतरू लागला. ज्ञानू मागं वळून म्हणाला, "आई, भरली की."

ती थांबली नाही. बास म्हणायचं काम त्याचं नव्हतं.